खूर बरा होत नाही, नवा उगवतो

घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा कोणता, असे वर्गात विचारून पाहा. पायाच्या मध्यावर वाकणारा जो सांधा दिसतो त्याकडे बहुतेक विद्यार्थी बोट दाखवतील. खरे तर तो सांधा म्हणजे आपले मनगट. त्याच्या खालची लांब नळी हे आपल्या तळहातातल्या एका हाडाचे रूप, आणि अगदी खाली जमिनीशी असते ते मधल्या बोटाचे शेवटचे पेर. मागच्या पायांचीही तीच तऱ्हा. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या पूर्वजांना पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्यांना तीन-तीन बोटे होती. आजचा घोडा एकूण चार बोटांवर उभा असतो, आणि प्रत्येक खूर हे एका बोटाचे नख असते.

या नखावर किती भार पडतो याचा हिशेब सोपा आहे. साडेचारशे किलोचा घोडा स्वस्थ उभा असताना त्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे पुढच्या एका खुरावर सुमारे १३५ किलो. तोच घोडा चौखूर उधळला की एका पायावर क्षणभर येणारे बल त्याच्या वजनाच्या अडीच पटींपर्यंत जाते, म्हणजे अकराशे किलोंच्या पुढे. आपल्या नखाला दाराची कड लागली तरी आपण कळवळतो!

हे सारे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. खूर बिघडला की काय होते ते प्रत्यक्ष पाहिले, ते पुण्याजवळ शेती करणाऱ्या एका स्नेह्यांच्या घोडीमुळे. घोडी बारा वर्षांची, तांबूस रंगाची. चंदीला हरभरा भरपूर, त्यावर लाडाने गूळ, आणि काम जवळजवळ काहीच नाही. एका सकाळी ती दावणीवरून हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, मागचे पोटाखाली घेतलेले, मागे रेलून उभी. खुरांना हात लावला तर ते गरम. पशुवैद्यांनी निदान केले, क्ष-किरण चित्र काढले आणि पुढच्या पायांचे नाल काढून टाकले. चित्रात खुराच्या आतले हाड टोकाकडून खाली झुकलेले स्पष्ट दिसत होते. दोघातिघांनी स्नेह्यांना सल्ला दिला, की आता तिला यातनांतून मोकळी करा. पशुवैद्य म्हणाले, वर्षभर धीर असेल तर प्रयत्न करता येईल.

वर्षभरच का? सहा आठवडे का नाहीत? या प्रश्नाच्या उत्तरात खुराचे सगळे शास्त्र आले.

खुराची भिंत, म्हणजे बाहेरून दिसणारा कठीण भाग, केरॅटिन या प्रथिनाची बनलेली असते. आपली नखे, केस आणि गाईची शिंगे ज्याची असतात तेच हे द्रव्य. खुरात ते बारीक नळ्यांच्या रूपात रचलेले असते आणि नळ्यांमधल्या फटी पुन्हा केरॅटिननेच भरलेल्या असतात. ही भिंत वर, केस संपतात त्या कडेच्या पट्टीत तयार होते आणि तिथून खाली सरकत राहते. तिच्या आत बोटाचे शेवटचे हाड असते. पण हे हाड खुराच्या तळावर पेल्यात ठेवलेल्या खड्यासारखे टेकलेले नसते. ते भिंतीला आतून टांगलेले असते.

हे टांगणे फार विलक्षण आहे. हाडावरच्या जिवंत त्वचेला उभे, पातळ पडदे असतात आणि भिंतीच्या आतल्या बाजूलाही तसेच पडदे असतात. दोन वह्यांची पाने एकमेकांत गुंफावीत तसे ते एकमेकांत बसलेले असतात. या पडद्यांना लॅमिना म्हणतात. एका खुरात असे साडेपाचशे ते सहाशे मुख्य पडदे असतात आणि प्रत्येकावर पुन्हा शे-दीडशे सूक्ष्म पडदे. हा सारा पृष्ठभाग उलगडून मोजला तर एका खुरात सुमारे ०.८ चौरस मीटर भरतो, म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या टेबलाएवढा. घोड्याचा भार या पृष्ठभागावर वाटला जातो. दोन जुन्या वह्यांची पाने एकाआड एक घालून त्या ओढून वेगळ्या करण्याचा प्रयोग वर्गात जरूर करावा. डिंकाचा थेंब नसतानाही ते जमत नाही. (वहीत हे काम घर्षण करते आणि खुरात पेशींचे बंध, हा फरक मात्र सांगायला हवा.)

गंमत अशी, की भिंत रोज खाली सरकत असते आणि तरीही हाडाला धरून असते. पडद्यांमधल्या पेशींचे बंध थोडे थोडे सुटत आणि लगेच पुन्हा जुळत असल्यामुळे हे शक्य होते. आपले नखही नखाखालच्या त्वचेवरून असेच सरकते. पण या बंधांची पकड ढिली पडली, की घोड्याचे वजन आपले काम करते. हाड भिंतीपासून सुटू लागते, त्याला मागून ओढणारी कंडरा त्या सुटण्यात भर घालते, आणि हाडाचे टोक तळव्याकडे झुकते. हाच लॅमिनायटिस. टांगलेले हाड आतून फाटून सुटत असेल तर वेदना कशा असतील याची कल्पना करावी!

पकड ढिली का पडते? जास्त धान्य खाल्ल्यामुळे घोडे असे लंगडतात ही गोष्ट जुन्या मोतद्दारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कारण मात्र उशिरा कळले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट तट्टांच्या रक्तातले इन्सुलिन त्यांनी दोन-तीन दिवस कृत्रिमरीत्या चढे ठेवले. साखर मात्र ग्लुकोज देऊन नेहमीच्या पातळीवर राखली. त्या सर्व तट्टांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे बिघाडाचे मूळ खुरात नसून चयापचयात असू शकते. लॅमिनायटिसची दुसरीही कारणे आहेत, पण बसून खाणाऱ्या, मानेवर चरबीचा कठीण वळ असलेल्या घोड्यांत हेच कारण वारंवार सापडते. आमच्या घोडीच्या मानेवर तसा वळ होताच. मधुमेहाच्या आपल्या कथेशी हे किती जुळते, हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भिंत हे मृत द्रव्य आहे. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, कारण तिथे जिवंत पेशी असतात. खुराच्या भिंतीला तडा गेला तर तो कधीही सांधत नाही. नव्या वाढीबरोबर तो हळूहळू खाली जातो, आणि जमिनीपर्यंत पोचून झिजला किंवा कापला गेला की संपतो. हाडापासून सुटलेली भिंत पुन्हा चिकटत नाही, तेही याच कारणामुळे. वरून येणारी नवी भिंत मात्र पहिल्यापासून घट्ट धरून खाली येऊ शकते. तेव्हा खुरावर उपचार करणे म्हणजे जुना खूर सुधारणे नव्हे. नव्याला नीट उतरू देणे, एवढेच आपल्या हातात असते.

नवा खूर यायला किती काळ लागतो याचा अंदाज विद्यार्थ्यांना स्वतःच्या अंगठ्यावरून घेता येईल. नखाच्या मुळाशी कानशीने अगदी हलका ओरखडा काढा आणि दर रविवारी मुळापासूनचे अंतर मोजा. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. घोड्याचा खूर साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढची भिंत ९-१० सेंटिमीटर लांब असते. भागाकार केला की उत्तर येते नऊ महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त. टाचेकडची भिंत आखूड असल्याने ती चार-पाच महिन्यांत नवी होते.

म्हणूनच खूर ही घोड्याची गेल्या वर्षभराची रोजनिशी असते. चारा बदलला, ताप आला, ऋतू पालटला, की वाढीचा वेग बदलतो आणि भिंतीवर आडवे कडे उमटते. निरोगी खुरावर ही कडी एकमेकांना समांतर असतात. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या खुरात पुढची वाढ मंदावते आणि टाचेकडची चालू राहते, त्यामुळे दोन कड्यांमधले अंतर टाचेकडे वाढत जाते. माथेरानला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी सहल गेली तर घोड्यावर बसण्याआधी त्याचे खूर न्याहाळायला मुलांना सांगा. मात्र घोडेवाल्याला विचारून आणि बाजूने. मागून मुळीच जाऊ नये.

स्नेह्यांच्या घोडीचे काम पागेत नव्हे तर चंदीच्या टोपलीपासून सुरू झाले. हरभरा आणि गूळ बंद. वाळलेले गवत पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून द्यायचे, म्हणजे गवतातली विरघळणारी साखर कमी होते. जोडीला तांबे व जस्त असलेले खनिज मिश्रण. बायोटिन या जीवनसत्त्वाबद्दल नेहमी विचारले जाते. लिपिझानर जातीच्या घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन देऊन केलेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुरांचा दर्जा सुधारलेला दिसला, पण सुमारे नऊ महिन्यांनी. वरचे गणित ज्याला कळले त्याला या नऊ महिन्यांचे आश्चर्य वाटणार नाही. आठवड्यात खूर बळकट करणाऱ्या मलमांच्या जाहिराती वाचताना हेच गणित आठवावे.

दुसरे काम कानशीचे. खुराचे टोक लांब आणि बाहेर फाकलेले असले, तर घोडा पाऊल उचलताना ते टोक तरफेसारखे काम करते. टेकू जमिनीवर, आणि जोर पडतो तो भिंत व हाड यांच्यामधल्या पडद्यांवर. वरून घट्ट धरून आलेली नवी भिंत या तरफेमुळे प्रत्येक पावलागणिक पुन्हा फाटते. म्हणून फाकलेल्या टोकाची खालची कड गोलसर घासून तरफ आखूड करायची. हे एकदाच भरपूर न करता दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे करायचे असते. तरफेचा हा धडा आठवीच्या वर्गात कात्री आणि पाना यांच्याबरोबर शिकवायला हरकत नाही.

तिसरे काम चालण्याचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित. खुराच्या तळाशी मागच्या बाजूला एक त्रिकोणी, रबरासारखी गादी असते. इंग्रजीत तिला ‘फ्रॉग’, म्हणजे चक्क बेडूक म्हणतात. तिच्यावर आत आणखी एक उशी, आणि दोन्ही बाजूंना कूर्चेचे पत्रे. निरोगी घोडा चालताना टाच किंचित आधी टेकवतो. मग खुराचा मागचा भाग थोडा फाकतो, आतल्या शिरांतले रक्त ढकलले जाते आणि धक्का विरतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातील रॉबर्ट बाउकर यांनी १९९८ साली असे मांडले, की धक्का जिरवण्यात या रक्तप्रवाहाचा मोठा वाटा आहे. न वापरलेली उशी मऊ आणि चरबीयुक्त राहते. पुरेसे चाललेल्या घोड्यात ती तंतुमय आणि चिवट होते. टाच दुखते म्हणून घोडा टोकावर पाऊल टाकतो, त्यामुळे उशीला काम मिळत नाही, म्हणून ती दुबळी राहते आणि टाच दुखत राहते. हे चक्र तोडायचे तर दुखणार नाही इतपतच, पण नियमित चालवावे लागते. घोडी उभी राहू लागली तेव्हा पशुवैद्यांच्या परवानगीने मऊ मातीवर पाच मिनिटांपासून सुरुवात झाली.

इथे आमच्या हातून घडलेली चूक सांगायला हवी. चौथ्या महिन्यात भिंतीचा वरचा तीन-साडेतीन सेंटिमीटरचा पट्टा नवा आला होता. तो जुन्या भिंतीपेक्षा सरळ, उभा उतरत होता आणि दोहोंच्या सीमेवर स्पष्ट बाक दिसत होता. आम्ही हरखून गेलो. रानटी घोड्यांच्या खुरांची चित्रे आम्ही पाहिली होती, त्यांचा तळवा सुंदर वाटीसारखा खोलगट असतो. आमच्या घोडीचा तळवा सपाट होता आणि त्यावर जुन्या थराचे पोपडे होते. ते कोरून वाटी करावी असे आम्ही सुचवले. वयस्क नालबंद म्हणाला, “साहेब, तळाला हात लावू नका. तो तिनं स्वतःसाठी जमवलाय.” आम्ही पुस्तकाचा हवाला दिला. त्याने मनाविरुद्ध थोडे कोरले. दुसऱ्या दिवशी घोडी पुन्हा पहिल्यासारखी मागे रेलून उभी! झुकलेल्या हाडाच्या टोकाखाली तळव्याची जाडी हेच तिचे एकमेव संरक्षण होते. निरोगी तळवा दीड सेंटिमीटर तरी जाड असतो, तिचा मुळातच पातळ होता. पुढचे सहा आठवडे तिला तळाशी फोमची गादी घातलेले रबरी बूट घालून ठेवावे लागले. खोलगटपणा कोरून येत नाही. नवी, घट्ट भिंत खाली उतरली आणि हाड पुन्हा वर धरले गेले, की तो आपोआप येतो. परिणाम कोरून कारण निर्माण होत नाही, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी आम्हाला सुचली नाही, आणि त्याची किंमत घोडीने मोजली.

रानटी घोड्यांच्या चित्रांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण बिननाली घोड्यांच्या चळवळीचा सारा भर त्यांच्यावर आहे. जेमी जॅक्सन या अमेरिकन नालबंदाने १९८२ ते १९८६ या काळात पश्चिम अमेरिकेतल्या मुक्त घोड्यांचे खूर पाहून ही कल्पना लोकांपुढे आणली. ऑस्ट्रेलियातल्या ओसाड भागात मोकाट घोड्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बांधून मोजले, तेव्हा ते दिवसाला सरासरी सुमारे १६ किलोमीटर चालतात असे २०१० साली दिसले. पागेतला घोडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण त्याच संशोधकांनी न्यूझीलंडच्या कायमानावा भागातले मोकाट घोडे तपासले तेव्हा त्यांच्याही खुरांत बिघाड सर्रास आढळले. निसर्गातला प्रत्येक खूर आदर्श असतो ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

मग नाल वाईट का? तसेही म्हणता येत नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्यात खूर कणखर होण्यासाठी पागेबाहेर मुठीएवढे गोल दगड पसरून त्यावर घोडा उभा करण्याचा सल्ला आहे. तेव्हा खिळ्यांचे नाल नव्हते. रोमन काळात घोड्याच्या पायाला बांधायचे लोखंडी जोडे होते, म्हणजे आजच्या रबरी बुटांचे पूर्वज. खिळ्यांनी ठोकलेले नाल युरोपात सर्रास झाले ते मध्ययुगात. कारण सरळ आहे. ओझी वाहणाऱ्या घोड्याचा खूर कठीण वाटेवर उगवतो त्याहून वेगाने झिजतो. नाल झीज थांबवतो. त्याच वेळी तो खुराचे फाकणे आवळतो आणि त्रिकोणी गादीला जमिनीपासून उचलून धरतो. दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली स्वीडनच्या पेडर फ्रेड्रिकसन यांनी ऑल इन या बिननाली घोड्यावर अडथळ्यांच्या उड्यांचे वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. पण त्या घोड्याचा आहार, व्यायाम आणि जमीन यांवर किती लोक लक्ष ठेवून असतील! ते पाहून डोंगरवाटेवर दिवसभर राबणाऱ्या घोड्याचे नाल उपटायला निघणे हा शहाणपणा नव्हे. आमच्या मते प्रश्न नाल असावा की नसावा हा नाही. उगवणे आणि झिजणे यांचा मेळ बसतो का, आणि टाच आधी टेकते का, या दोन गोष्टी पाहाव्यात.

अकराव्या महिन्यात डाव्या खुराच्या भिंतीवरचा बाक जमिनीला टेकला आणि शेवटच्या कानशीत निघून गेला. आता वरपासून खालपर्यंत भिंत एका रेषेत आहे आणि तळव्याला, कोणी न कोरता, थोडी खोली आली आहे. मातीच्या रस्त्यावर ती रोज तीन किलोमीटर चालते. खडीवर अजून बिचकते, तिथे बूट घालावे लागतात. गूळ कायमचा बंद, कारण खूर नवा आला तरी चयापचय जुनाच आहे. उजव्या खुराच्या टोकाशी जुन्या भिंतीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा शिल्लक आहे. नालबंद दर तीन आठवड्यांनी येतो, आधी तिला दहा पावले चालवून बघतो, आणि मगच पिशवीतून कानस काढतो.